भूकंपाला सिंहस्थ नसतो

ताई, तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुलाला जपानात हामामात्सुला नोकरी लागली, पुढच्या महिन्यात तो निघतोय. आणि नेमकं तुमच्या वाचनात आलं की त्या किनाऱ्यावर ‘नानकाई’चा महाभूकंप दर शंभर-दीडशे वर्षांनी येतो, मागचा १९४६ साली होऊन गेला, म्हणजे पुढच्याचे दिवस भरत आलेत. हे खरं का, हा पहिला प्रश्न. दीर म्हणतात की मोठे भूकंप अमावास्या-पौर्णिमेलाच होतात, पोराने तेवढे दिवस जपावं; हा दुसरा. आणि जाता जाता, आपल्या नाशकाचं काय, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

माझी सारी नोकरी धरणांवरच्या भूकंपमापकांच्या नोंदी वाचण्यात गेली. सुरुवातीला ढोलावर गुंडाळलेल्या, काजळी धरलेल्या कागदावर सुई ओरखडे काढत जायची आणि सकाळी कागद बदलताना बोटं काळी व्हायची. पुढे शाई आली, मग संगणक. आमचं काम खरं तर धरणाभोवतीच्या बारीक धक्क्यांचं, पण जगाच्या पाठीवर कुठेही मोठा भूकंप झाला की तो न बोलावता आमच्या नोंदीत हजर व्हायचा. २६ डिसेंबर २००४ ला, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ समुद्राचा तळ फाटला आणि साधारण सहा मिनिटांत इकडची रेघ थरथरायला लागली. जवळचा धक्का असेल तर रेघ मिनिट-दोन मिनिटांत सरळ होते. ही होईना. चहा आला, निवला, दुसरा आला, तरी रेघ डुलतच होती. एखादा भूकंप ‘मोठा’ असणं म्हणजे काय हे मला आकड्यांपेक्षा त्या निवलेल्या चहाने जास्त शिकवलं. तिकडची भेग सुमारे १,३०० किलोमीटर फाटत गेली होती. म्हणजे नाशकाहून थेट दिल्लीच्याही पुढे.

असे भूकंप कुठे होतात हे आपल्याला चांगलं माहीत आहे. समुद्रतळाचा एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, दुसऱ्या भूपट्टाखाली तिरका घुसतो, त्या जागेला सबडक्शन झोन म्हणतात. वर्षाला पाच-आठ सेंटिमीटर, असा त्याचा वेग. वरचा आणि खालचा पट्ट घासून एकमेकांना चिकटलेले असतात. खालचा आत जाताना वरच्याची कड आपल्याबरोबर ओढत नेतो, कड वाकते, आणि एक दिवस चिकटलेला भाग सुटला की कड उसळून जागेवर येते. वरचं पाणी उचललं जातं, तीच त्सुनामी. १९०० पासून नऊ किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे पाच भूकंप नोंदले गेलेत: रशियातलं कामचात्का १९५२, चिली १९६०, अलास्का १९६४, सुमात्रा २००४ आणि जपानचं तोहोकू २०११. पाचही अशाच पट्ट्यांवरचे. (आपण ‘नऊ रिश्टर’ म्हणतो, पण एवढ्या मोठ्या भूकंपांना रिश्टरची मूळ पट्टी कमी पडते, म्हणून आता दुसरी वापरतात. बोलण्यात रिश्टर म्हटलं तरी बिघडत नाही. एक लक्षात ठेवा, एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. आठ आणि नऊ हे शेजारी नाहीत.)

इथेही आमच्या क्षेत्राने एकदा सपशेल मार खाल्लाय. १९८० च्या सुमाराला एक सुटसुटीत नियम मांडला गेला: समुद्रतळ तरुण असेल आणि वेगाने आत जात असेल तिथेच नऊचे भूकंप होतात, जुना, थंड, जड तळ असेल तिथे होत नाहीत. चिलीला नियम छान बसत होता. मग सुमात्रा झाला, जिथे वेग काही फार नव्हता. आणि तोहोकूला तर आत जाणारा तळ तेरा कोटी वर्षांच्या आसपास जुना. नियम गेला. आज जपून बोलणारा कुणीही एवढंच म्हणेल की पुरेसा लांब सबडक्शन झोन असेल तर तिथे नऊचा भूकंप होणारच नाही असं समजू नये. आपल्या पिढीने तिथे तो पाहिला नाही, याचा अर्थ फक्त आपली पिढी छोटी आहे.

आता ‘कधी’. हा खरा गुंता आहे.

नाशिककर म्हणून तुमच्या डोक्यात ‘दर इतक्या वर्षांनी’ म्हटलं की सिंहस्थ येणार, त्यात तुमचा दोष नाही. २००३, २०१५, आता २०२७. गुरूला राशीचक्र फिरायला ११.८६ वर्षं लागतात आणि त्याच्या वाटेत अडवणारं कुणी नाही. (तिथेही पूर्ण बारा नाहीत म्हणून हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ ला, अकराव्या वर्षीच आला.) भूपट्टही जवळपास गुरूइतकाच निष्ठेने सरकतो. पण भूकंप सरकण्याचा नसतो, अडकलेलं सुटण्याचा असतो. आणि घर्षणाला पंचांग नाही.

शाळेतल्या मुलांसमोर मी एक प्रयोग करायचो, घरी करून बघा. शहाबादी फरशीवर एक वीट ठेवायची. तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधायची आणि पट्टीचं दुसरं टोक एका मुलाने अगदी संथ, एकसारख्या गतीने ओढत न्यायचं. पट्टी ताणते, वीट जागची हलत नाही. मग फर्रकन पुढे येते, थांबते, पुन्हा पट्टी ताणते. दुसऱ्या मुलाने दर वेळी खडूने खूण करायची. एकाच विटेच्या खुणा बऱ्यापैकी सारख्या अंतरावर पडतात; तंतोतंत नाही, पण लय दिसते. आता पहिल्या विटेला ट्यूबच्याच तुकड्यांनी आणखी तीन विटा बांधा, एकामागे एक, आणि ओढा. कधी पुढची एकटीच सरकते. कधी पहिल्या दोन. कधी बराच वेळ काही नाही आणि मग चारही विटा एकदम धडधडत येतात, पोरं ओरडतात. ओढणाऱ्या मुलाचा वेग तोच, विटा त्याच, फरशी तीच. खुणांची लय मात्र मोडलेली.

या विटा डोक्यात ठेवा, कारण मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. चिकटलेला तुकडा जेवढा एकटा आणि लहान, तेवढं त्याचं वेळापत्रक चोख. महाभूकंप म्हणजे अनेक तुकड्यांनी एकदम सुटणं, आणि कुणाबरोबर कोण सुटेल हे दर वेळी वेगळं ठरतं.

एकट्या विटेचं उदाहरण जपानातच आहे. ईशान्य किनाऱ्यावरच्या कामाइशी गावासमोर समुद्राखाली एक छोटा चिकटलेला ठिपका आहे. तिथे १९५७ पासून दर साधारण साडेपाच वर्षांनी ४.८ च्या आसपासचा भूकंप होत आला. जागा तीच, रेघ तीच; दोन नोंदी एकमेकींवर ठेवल्या तर छापल्यासारख्या जुळाव्यात. भूकंपाच्या धंद्यात याहून शहाणं बाळ सापडणार नाही. मग २०११ चा महाभूकंप शेजारीच झाला आणि त्या बाळाचीही शिस्त गेली. धक्के भराभर यायला लागले, आणि आधीपेक्षा मोठे. एवढ्या गरीब ठिपक्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय!

आता तुमच्या नानकाईकडे येऊ. हामामात्सुसमोरून पश्चिमेला शिकोकू बेटापर्यंत समुद्रात जो लांबलचक खळगा जातो, तो नानकाईचा. फिलिपिन्स सागराचा भूपट्ट तिथे जपानखाली जातो. जगात क्वचितच कुठल्या सबडक्शन झोनचा इतका जुना आणि सलग लेखी इतिहास असेल, देवळांच्या नि दरबारच्या दप्तरांमुळे थेट सन ६८४ पासूनचा. वर्षं अशी: ६८४, ८८७, १०९६ आणि १०९९ ची जोडी, १३६१, १४९८, १६०५, १७०७, १८५४, आणि १९४४-४६. वह्या घेऊन वजाबाकी करा. २०३, २०९, २६२, १३७, १०७, १०२, १४७, ९०. ‘शंभर-दीडशे वर्षांनी’ हे वाक्य शेवटच्या पाच आकड्यांवरून आलंय, आणि त्यातलाही शेवटचा आकडा शंभराच्या आत आहे. सुरुवातीच्या दोनशे-अडीचशेच्या फटींत एखादा भूकंप झाला असेल आणि कागदच उरले नसतील, हेही शक्य आहे. उलट १६०५ चा भूकंप नानकाईचा होताच का, यावरच अभ्यासकांत एकमत नाही. तो काढला तर १४९८ ते १७०७ हे अंतर एकदम २०९ होतं. एक नोंद इकडची तिकडे झाली की सगळी सरासरी हलते, अशी ही यादी आहे.

अंतरापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. १७०७ ला सगळा पट्टा एकदम फाटला, आणि ४९ दिवसांनी फुजी पर्वतही फुटला. १८५४ ला पूर्वेचा अर्धा भाग फाटला आणि पश्चिमेचा सुमारे ३२ तासांनी. पुढच्या खेपेला पूर्व डिसेंबर १९४४ ला, पश्चिम डिसेंबर १९४६ ला. मधे दोन वर्षं. तीन खेपा, त्याच विटा, तीन तऱ्हा. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये नानकाईच्या पश्चिम टोकाला ७.१ चा भूकंप झाला तेव्हा जपानच्या हवामान खात्याने पहिल्यांदाच आठवडाभरासाठी ‘सावध राहा’ अशी सूचना काढली. त्यांना ३२ तासांचीही आठवण होती आणि दोन वर्षांचीही. आठवडा गेला, काही झालं नाही, सूचना मागे घेतली. काही लोक त्यावर हसले. मी हसणार नाही.

आता तो ८० टक्क्यांचा आकडा. ‘तीस वर्षांत सत्तर-ऐंशी टक्के शक्यता’ हे तुम्ही वाचलं असणार. त्याचं मूळ शिकोकूच्या मुरोत्सु नावाच्या छोट्या बंदरात आहे. तिथे मोठ्या भूकंपात जमीन वर उचलली जाते आणि बंदराचं पाणी उथळ होतं. बंदराची व्यवस्था पाहणाऱ्या घराण्याच्या कागदांत पाण्याची खोली लिहून ठेवलेली. त्यावरून काढलं की १७०७ ला जमीन १.८ मीटर उचलली, १८५४ ला १.२ आणि १९४६ ला १.१५. गंमत बघा: मोठ्या, १.८ मीटरच्या उसळीनंतर पुढचा भूकंप १४७ वर्षांनी आला, १.२ नंतर ९२ वर्षांनी. जितकं जास्त सुटलं, तितकी पुढची वाट लांब. मग १.१५ नंतर किती? त्रैराशिक मांडा, सुमारे ८८ वर्षं येतात. १९४६ अधिक ८८.

दिसायला देखणं आहे, आणि तेच मला नेहमी खटकायचं. तीन बिंदू, तेही एकाच बंदरातले. दोरीला दगड बांधून माणसाने खोली मोजलेली. भरती होती की ओहोटी, बंदर मधे उपसलं होतं का, यावर हातभर फरक सहज पडावा. आपल्याकडे गोदेच्या पुराचं माप नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर सांगतात, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. त्यावरून पूर मोठा की लहान हे बिनचूक कळतं. पण ‘कमरेला’ या शब्दावरून गंगापूर धरणाचा विसर्ग दशांशात काढायला गेलात तर मी तुमच्याकडे संशयाने बघेन. हा आकडा काढणाऱ्या जपानी सरकारी समितीलाही शेवटी ही अडचण मान्य करावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी एक आकडा सोडून दोन दिले: मुरोत्सुच्या मापांतली अनिश्चितता धरून ‘६० ते ९० टक्के किंवा जास्त’, आणि नुसत्या वर्षांच्या अंतरांवरून ‘२० ते ५० टक्के’. लोक वैतागले, की हे काय, ठरवा ना एक काहीतरी. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतलं त्यांचं हे सगळ्यात प्रामाणिक निवेदन होतं. दोन्हींपैकी कुठलाही धरा, तुमच्या मुलाने करायच्या गोष्टी बदलत नाहीत.

आकडा बरोबर येऊनही माणूस कसा फसतो, ते तोहोकूत दिसलं. मियागीच्या किनाऱ्यासमोर १७९३, १८३५, १८६१, १८९७, १९३६, १९७८ असे भूकंप होत आले. सरासरी ३७ वर्षं, शक्यता तीस वर्षांत ९९ टक्के, अपेक्षित तीव्रता साडेसातच्या आसपास. नव्व्याण्णव टक्के! याहून खात्रीचं भाकीत आमच्या धंद्यात झालं नसेल. ११ मार्च २०११ ला तो आला. पण ती वीट एकटी सरकली नाही. शेजारच्या सगळ्या घेऊन सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा पट्टा सुटला, भूपट्ट आत घुसतो त्या खळग्याजवळ तळ पन्नास मीटरच्या आसपास सरकला, तीव्रता ९. हिशेब साधा आहे. तिथे भूपट्ट वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर सरकतो. पन्नास मीटर साचायला पाचशे-सहाशे वर्षं लागतात. ३७ वर्षांत साचतं जेमतेम तीन मीटर.

आपल्याकडच्या सावकारीसारखं आहे हे. दर ३७ वर्षांनी येणारे ते भूकंप म्हणजे व्याजाचे हप्ते होते, मुद्दल तसंच राहिलेलं. हप्ते वेळेवर जाताना दिसले की घरच्यांना वाटतं कर्ज फिटतंय.

चिलीत हेच पूर्वी झालेलं. दक्षिण चिलीच्या वाल्दिवियाजवळ २२ मे १९६० ला ९.५ चा भूकंप झाला, आजवर यंत्रांनी नोंदलेला सगळ्यात मोठा. तिथले आधीचे भूकंप स्पॅनिश कागदपत्रांत होते: १५७५, १७३७, १८३७. शतकाला एक, असं वाटावं. पण १९६० ला सरकलेलं अंतर भागवायला १८३७ नंतरची १२३ वर्षं पुरत नव्हती. अडीचशे-साडेतीनशे वर्षांचा साठा लागत होता. मग माउल्यिनच्या खाडीकाठी खणून पाहिलं. १५७५ च्या थरात खचलेली जमीन आणि त्सुनामीची वाळू दोन्ही सापडली. १७३७ आणि १८३७ ची तिथे खूणच नाही. ते दोन हप्ते होते. मुद्दलाची फेड १५७५ ला आणि मग थेट १९६० ला.

या खणण्याबद्दल दोन शब्द, कारण हा माझा आवडता भाग आहे. २००८ च्या पुरानंतर सराफ बाजाराच्या बाजूला एका मित्राच्या दुकानात आम्ही चिखल काढायला गेलो होतो. लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात बोटभर जाडीचा गाळ, खाली रेतीसारखा भरड, वर साय धरल्यासारखा मऊ. पाण्याने वाहून आणलेलं असंच बसतं, जड आधी, हलकं नंतर. समुद्रकाठच्या भातशेतीत, दलदलीत त्सुनामीही अशीच सही करून जाते. तोहोकूतल्या सेंदाईच्या मैदानात ८६९ सालच्या त्सुनामीची वाळू किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत सापडली होती, आणि ती २०११ च्या कितीतरी आधी छापूनही आली होती. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, कॅस्केडियात, लेखी नोंद काहीच नव्हती. तिथे खाऱ्या पाण्यात बुडून उभ्या वाळलेल्या देवदाराच्या जातीच्या झाडांची वलयं मोजली, तर शेवटचं पूर्ण वलय १६९९ चं. आणि पलीकडे जपानच्या गावांत जानेवारी १७०० च्या अखेरीस, भूकंप न होता आलेल्या एका लाटेची नोंद पडून होती, आईबाप नसलेली. दोन्ही जुळवून तारीखच निघाली: २६ जानेवारी १७००, रात्री नवाचा सुमार. त्या किनाऱ्यावर तेव्हापासून शांतता आहे. समुद्रतळाच्या गाळावरून दहा हजार वर्षांत तिथे पूर्ण लांबीचे १९ मोठे भूकंप मोजलेत, म्हणजे सरासरी पाचशे वर्षं. पण दोन भूकंपांतलं अंतर कधी फार कमी, कधी दुप्पट.

आणि आता हे सगळं ऐकून ‘नुकताच सुटलाय म्हणजे तिथे निवांत’ असं वाटायला लागलं असेल, तर कामचात्का. १९५२ ला ९ चा भूकंप. साठा रिकामा झालेला, असं कुणालाही वाटावं. ३० जुलै २०२५ ला, आपल्याकडच्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला, त्याच पट्ट्यावर ८.८ चा झाला. मधे फक्त ७३ वर्षं. माझ्या ओळखीच्या एका आजींनी ‘शेषाने डोकं हलवलं’ म्हणून निकाल लावला. आमच्याकडे त्याहून फार चांगलं स्पष्टीकरण लगेच नव्हतं. बहुधा १९५२ ला काही विटा नीट सुटल्याच नव्हत्या.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नानकाईचा मोठा भूकंप येणार, यात वाद नाही. ऐंशी वर्षांत तिथे चार मीटरच्या आसपास साठा झालाय आणि मागे एकदा नव्वदाव्या वर्षीही तो सुटलाय. पण उद्या की साठ वर्षांनी, अर्धा की अख्खा, हे सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. २०२५ च्या जुलैत अमुक तारखेला जपान बुडणार अशी आवई उठली होती, विमानांची तिकिटं रद्द झाली. ती तारीख आली आणि गेली.

दीरांचा पौर्णिमेचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. २६ डिसेंबर २००४ ला मार्गशीर्ष पौर्णिमाच होती. चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीलाही बारीक भरती-ओहोटी येते, आणि आधीच सुटायला टेकलेल्या वि‍टेला तेवढा धक्का कधीकधी पुरत असावा, असं दाखवणारे अभ्यास आहेत. पण तो परिणाम इतका किंचित की त्यावर मुलाची सुट्टी ठरवता येणार नाही. ११ मार्च २०११ ला आकाशात अर्धा चंद्र होता. सुझन हफ या अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ बाईंनी २०१८ मध्ये आठ आणि त्यावरच्या भूकंपांच्या तारखा तपासल्या, ठरावीक तिथीला किंवा दिवसाला ते जास्त होतात का म्हणून. त्यांच्या शोधनिबंधाचा सारांश एका शब्दाचा आहे: ‘नाही.’ दीरांना हे जरूर वाचून दाखवा.

नाशिक. आपण साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या पाषाणावर, भूपट्टाच्या आत बसलोय. कडेवर नाही. त्यामुळे आठ-नऊचा भूकंप इथे होत नाही. पण कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ हे आतलेच, सहा-सव्वासहाचे, आणि माणसं किती गेली ते तुम्ही-आम्ही पाहिलंय. भूपट्टाच्या आतल्या भूकंपांत पुनरावृत्ती शोधणं आणखी अवघड. किल्लारीच्या भेगेला मागचा-पुढचा हिशेब लावावा एवढा इतिहासच नाही. पेठ-सुरगाणा-कळवणकडे अधूनमधून भांडी वाजतात ते बारीक धक्के वेगळे, त्यांचा जपानशी संबंध नाही. आपल्याला जवळचा सबडक्शन झोन म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यासमोरचा मकरान. तिथे नोव्हेंबर १९४५ ला ८.१ चा भूकंप झाला तेव्हा त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती आणि माणसं दगावली होती. नाशकाला समुद्राची भीती नाही, आपण साडेपाचशे मीटरहून उंच आहोत. कोकणात घर बांधणाऱ्या नातेवाइकांना मात्र मी मकरानचं नाव सांगतो. ते हसतात.

आता चिरंजीवांचं. घर भाड्याने घेताना इमारत १९८१ नंतरच्या नियमांनी बांधलेली आहे का, हे दलालाला विचारायला सांगा; तिथे हा प्रश्न नेहमीचा आहे, कुणी वेड्यात काढणार नाही. लाकडी घर असेल तर २००० नंतरचं बघावं. महापालिकेचा धोक्याचा नकाशा मिळतो, त्यावर घर आणि कचेरी दोन्ही शोधावीत. कपाट भिंतीला ठोकून घ्यावं. हामामात्सुच्या समुद्राकडेला साडेसतरा किलोमीटर लांबीचा बांध २०२० मध्ये पुरा झालाय, तेरा मीटरच्या आसपास उंच. पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही. हामामात्सु ज्या शिझुओका प्रांतात आहे, त्याच्या किनाऱ्याला काही ठिकाणी लाट काही मिनिटांतच पोचते. जोराचा, लांबलेला हादरा हीच सूचना समजायची आणि भोंगा वाजायची वाट न बघता उंचावर जायचं. एखाद्या रविवारी तो रस्ता त्याने पायी चालून बघावा, घड्याळ लावून.

आणि तो गेल्यावर कधीतरी शहराच्या पश्चिमेला हामाना सरोवरावर जाईलच, तिथली ईल मासळी प्रसिद्ध आहे. ते सरोवर एकेकाळी गोड्या पाण्याचं होतं. १४९८ च्या भूकंपात आणि त्सुनामीत समुद्राची बाजू फुटली आणि तेव्हापासून खारं पाणी आत-बाहेर करतं. त्या मुखाला गावकरी आजही ‘इमागिरे’ म्हणतात. अर्थ, ‘आत्ताच तुटलेलं’. सव्वापाचशे वर्षं झाली.